पोस्टमास्तर परत येणार

१० नोव्हेंबर, सोमवार

गॅसवाल्याची वाट बघत बसले होते, तर मुंबईहून फोन. कौस्तुभ नावाचा मुलगा, दिग्दर्शक म्हणे. "मॅडम, मी तुमचा लहानपणापासूनचा फॅन आहे." असे लहानपणापासूनचे फॅन भेटले की आपण किती म्हातारे झालो ते वेगळं मोजावं लागत नाही.

'मागचं दार' ही माझी जुनी मालिका पुन्हा करायचीय त्यांना. नव्या नटांना घेऊन पहिल्यापासून करायची (याला तो रीबूट म्हणतो), की जिथे थांबली तिथून पुढे न्यायची, एवढंच ठरायचंय. काहीही ठरलं तरी माझी सही लागते. कथा, संवाद सगळं माझं, आणि निर्मात्याने धंदा गुंडाळताना हक्कही माझ्या नावावर करून दिले. तेव्हा वाटलं होतं, आता हे विचारायला कोण येतंय.

शिळ्या कढीला ऊत, असं अगदी ओठांवर आलं होतं. विचार करून कळवते म्हणाले.

गॅस आला नाहीच. कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा बिबट्याचा फोटो, कुणाच्या तरी कंपाउंडवर बसलेला. मला वाटतं दर वेळी तोच फोटो फिरतो.

११ नोव्हें.

झोप नीट नाही. मा.दा. म्हटलं की मला शेवटचा भाग तेवढा आठवतो, मधले सगळे पुसट झालेत. पोस्टमास्तर नाना, निवृत्त, गावातलं प्रत्येक दार ओळखणारा. खुनापासून भुरट्या चोरीपर्यंत सगळं शोधून काढणारा. तो उंबऱ्यात उभा आहे, पाठ कॅमेऱ्याकडे. त्याला काहीतरी कळलंय, आपल्याला कळलेलं नाही. तो म्हणतो, "जातो." पडदा काळा.

पुढे तिसरं पर्व व्हायचं होतं. पण नानाचं काम करणारा अरविंद त्याच आठवड्यात घरातून स्कूटर घेऊन बाहेर पडला. स्कूटर सापडली चांदवडजवळ, हायवेवरच्या एका ढाब्यामागे. अरविंद सापडला नाही. पंचवीस वर्षं होत आली.

तेव्हा गावभर एकच चर्चा. त्या बाईने त्याच्या तोंडी 'जातो' घातलं आणि तो गेला. ती बाई म्हणजे मी.

१२ नोव्हें.

कौस्तुभ घरी येऊन गेला. कुंभमेळ्याच्या नावाने गंगापूर रोड खणून ठेवलाय, बिचारा कोपऱ्यावरून चालत आला. बूट बाहेर काढले, पाया पडला, पोहे दोनदा घेतले. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

त्याला रीबूट नकोय, पुढे न्यायचीय. लोकांनाही तेच हवंय म्हणतो. जुने भाग कुणीतरी नेटवर टाकलेत, त्याखाली लोक काय लिहितात ते त्याने मोबाइलवर दाखवलं. जिकडे तिकडे एकच शब्द. येतो. येतो नाना. येते पोस्टमास्तर.

ती आमच्या मालिकेची खूण होती. दारातून निघताना 'येतो' म्हणणारा माणूस पुढच्या भागात असायचा. 'जातो' म्हणणाऱ्याचं काहीतरी व्हायचं. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे घरोघरच्या आया सांगतच होत्या, मी ते उचललं इतकंच. तेव्हा पोरं अर्ध्या जिन्यातून परत येऊन 'येतो' म्हणून शाळेला जायची, असं लोक सांगायचे. आता भाग बघून झाला की हे लोक खाली 'येतो' लिहून निरोप घेतात. मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मग पोह्यांनंतर मुख्य गोष्ट निघाली. अरविंदचा चेहरा ते संगणकावर तयार करणार. आवाजसुद्धा. केस पांढरे झालेला नाना पहिल्याच भागात मागच्या दारातून परत येणार. त्यासाठी अरविंदच्या वारसाची सही हवी, म्हणजे त्याच्या बायकोची, सुमनवहिनींची. "आणि मॅडम, तो 'जातो' तुम्हाला कसा सुचला यावर तुमची एक मुलाखत. सगळी जाहिरात त्या एका शब्दावर उभी आहे."

मी मान हलवली. पंचवीस वर्षं तेच करतेय.

१३ नोव्हें.

इथे लिहायला हरकत नाही. 'जातो' माझं नाही.

मी 'येतो' लिहिलं होतं. तालमीत अरविंद 'येतो'च म्हणाला. टेक सुरू झाला, तो उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला 'जातो'. आमचे तेव्हाचे दिग्दर्शक खूश. नीला, काय शब्द दिलास! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अरविंद वळला आणि माझ्याकडे बघून हसला. मी गप्प बसले. म्हटलं, नटाला सुचतं कधीकधी.

आणि मग तो गेला. म्हणजे अपघात नाही, घातपात नाही, माणूस ठरवून गेला. उंबऱ्यात उभं राहून सांगून गेला. हे वहिनींना कोणत्या तोंडाने सांगायचं? नवरा मेला हे एक दुःख, नवरा टाकून गेला हे दुसरं. त्या मला दोष देत होत्या, देऊ दिला. दिग्दर्शक वारले. आता हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आणि कौ. कॅमेरा लावून विचारणार, कसा सुचला.

१६ नोव्हें., रविवार

नाशिक रोडला वहिनींकडे जाऊन आले. फराळाचा डबा परत आणायचं निमित्त. दर दिवाळीला मी फराळ नेते, त्या दारातच घेतात. आत या म्हणतात, पण अशा आवाजात की मी आत जात नाही. आज गेले.

बेल वाजवली. आधी खिडकीचा पडदा हलला. मग दाराच्या भिंगाआड सावली. मग दार साखळीपुरतं उघडलं. मी आहे हे दिसल्यावर साखळी काढली. इतकी वर्षं प्रत्येक बेलला ही बाई अशी बघत असणार, तो असेल म्हणून. मला गलबलून आलं.

त्यांना सगळं आधीच माहीत होतं, मुंबईहून फोन झाला होता. जुन्या भागांखालचं सगळं त्या वाचतात, रोज, सकाळचा चहा झाला की. "रोज कुणी ना कुणी लिहितंच," म्हणाल्या. "येतो. येतो." मी म्हटलं, प्रेम आहे हो वहिनी लोकांचं, निरोप घेतात ते.

तर त्या म्हणाल्या, "निघणाराही येतो म्हणतो आणि येणाराही येतोच म्हणतो. वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?"

मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

सहीला ना हो म्हणाल्या, ना नाही. निघताना मी येते म्हटलं. माझ्या पाठीमागे साखळी लागली, मग कडी, मग खालचा बोल्ट.

२० नोव्हें.

मुक्ताचा पुण्याहून फोन. लेकीचं मत रीबूट. "आई, नवा नट घ्या, नवी गोष्ट सांगा. जुन्या माणसाला कशाला उकरून काढायचं?" जावयाचं मत उलटं, म्हणे नानाशिवाय कसली मालिका. दोघांचं त्यावरून जेवताना वाजलं. नेटवर तर कुणकुण लागल्यापासून लोक एकमेकांची आई-बहीण काढतायत.

माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. झाकली मूठ सव्वा लाखाची. नानाला त्या उंबऱ्यात काय कळलं होतं ते मी तिसऱ्या पर्वात ठरवणार होते, त्यामुळे मलाही माहीत नाही. लोकांनी इतक्या वर्षांत जी उत्तरं शोधली ती मला सुचली नसती. पुढे न्यायची म्हणजे या सगळ्यांना आपण चूक ठरवायचं. रीबूटमध्ये निदान चूक नवी होईल.

पण वहिनींची ती साखळी आठवली की वाटतं, पुढेच न्यावी. पडद्यावर तर पडद्यावर, येईल तरी.

२४ नोव्हें.

कौ.चा फोन. मुलाखतीत त्याला आम्ही दोघी हव्यात, शेजारी शेजारी. "एकीने शब्द लिहिला, एकीने भोगला." हे त्याने अगदी मनापासून म्हटलं. अशा मुलांना कुणी थोबाडीत मारत नाही हीच अडचण आहे.

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

वहिनी शेजारी बसलेल्या असताना मला ते खोटं बोलता येणार नाही. खरं बोलले तर त्या ते सगळ्या महाराष्ट्राबरोबर ऐकणार. तेव्हा आधी घरी जाऊन सांगायचं. त्यांनी दारातून हाकललं तर हाकललं.

२६ नोव्हें.

सांगितलं.

हात चालत नाहीये, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी ते माझ्या सोयीने लिहीन.

त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. येतो लिहिलं होतं, तालमीत येतोच म्हणाला, टेकला जातो. त्यांचे हात थांबले.

"तुम्ही नव्हतं लिहिलं?"

"नाही."

"तो स्वतः म्हणाला?"

"हो."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मागच्या दाराची कडी हलवून बघितल्याचा आवाज आला. परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मग तो जिवंत आहे."

मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आशा दिसली बाईला. हात बर्फ झाला होता.

"नीलाताई, मी तुम्हाला इतकी वर्षं शिव्याशाप दिले ना, त्या जोरावर झोपत होते. तुमच्या शब्दाने गेला, अभद्र बोलला आणि गेला. म्हणजे मेला. मेलेला परत येत नाही."

मग ते निघालं, एकदम नाही, थांबत थांबत. मध्ये उठून त्यांनी चहा केला, तो तसाच राहिला. घरात आला की तो आधी कडी लावायचा. मग आवाज हळू करायचा. कधी ओरडला नाही, त्यामुळे शेजारी म्हणायचे काय सभ्य माणूस आहे, तुमचं नशीब. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल, वाक्यात उपयोग करा म्हणून. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी ती दर दिवाळीला डबा घेताना बघितलीत. मला संधिवात वाटला होता.

दाराच्या साखळीचंही कळलं. तो असेल म्हणूनच बघत होत्या. मी ते उलटं वाचलं होतं.

मी म्हटलं, वहिनी, मला काहीच...

"वहिनी नका म्हणू आता. त्याच्यावरून नातं नका लावू. सुमन म्हणा."

२७ नोव्हें.

दिवसभर बसून आहे. जेवण केलं नाही.

नाना कुठल्याही घरात मागच्या दाराने शिरतो. आख्ख्या मालिकेचं नाव त्यावरून. ही सवय कुठून आली? पहिल्या वाचनाला मी विचारलं होतं, नानाला एखादी लकब द्यायला हवी. अरविंद म्हणाला, "मी माझ्या घरी मागच्या दाराने जातो. घर खरं कसं आहे ते मागूनच कळतं." आम्ही सगळे हसलो. मी त्यावर वाक्य रचलं: पुढच्या दाराने पाहुणा येतो, मागच्या दाराने माणूस. ते आता लोकांच्या टी-शर्टवर आहे.

सुमनने काल हेच सांगितलं. मागून यायचा, पायरीचा आवाज न करता. ती एकटी असताना काय करते ते बघायला.

एक भाग लावून बघितला. नाना अंगणातून हळूच येतो, बाई चुलीपाशी पाठमोरी, तो तिच्या मागे उभा राहतो, तिला पत्ता नाही. लोकांनी खाली हृदयं टाकलीत. मी बंद केलं.

३० नोव्हें., रविवार

कौ.ला फोन केला. पुढे न्यायची नाही. करायची तर रीबूट करा, दुसरा चेहरा, दुसरं नाव, आणि मागच्या दाराने यायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, मग ते 'मागचं दार' कसं राहील?" बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, नाही राहिलं तर नाही.

कारण सांगता येईना. ते सांगायचं की नाही हे सुमनने ठरवायचंय. त्याला वाटलं म्हातारी हट्टाला पेटली. अगदी शांतपणे म्हणाला, सुमनमॅडमना एकदा बघू तर द्या, बघितल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत. काय बघू द्या, हे विचारायला हवं होतं. माझं लक्ष नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार

दुपारी सुमनचा फोन. बोलत नव्हती, नुसता श्वास. तशीच चपला घालून निघाले, द्वारका चौकात रिक्षा अर्धा तास अडकली.

मोबाइल तिने कणकेच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं होतं. मी काढला, पीठ झटकलं. कौ.ने व्हिडिओ पाठवला होता, खाली हात जोडलेली खूण आणि 'तुमच्यासाठी खास'. अरविंद. केस पांढरे, गाल उतरलेले, जसा आज असता तसा. दारात उभा. कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "सुमन, येतो." आणि हसतो.

आवाज त्याचाच. पण मला भीती हसण्याची वाटली. टेक संपल्यावर माझ्याकडे बघून हसला होता तसं. नानाला मी हसूच दिलं नव्हतं, दोन पर्वांत एकदाही नाही. संगणकाला ते मिळालं कुठून? मुक्ता म्हणते, आई, ही यंत्रं अंदाजाने बनवतात. असेल.

कौ.ला नको नको ते बोलले. तुमच्या पोरखेळापायी ती बाई घराच्या कड्या बदलायला निघालीय, असंही बोलले. त्याला खरंच काही कळेना. रडवेला झाला. "मॅडम, येतो म्हणजे निरोपच ना? त्यांना निरोप मिळाला नव्हता, म्हणून आम्ही दिला." मी फोन ठेवला. काय सांगणार त्याला. त्याच्या घरी येतो म्हणजे निरोपच असतो.

३ डिसें.

सुमनकडे सुतार आणला, ओळखीतला, सिन्नरकडचा. मागच्या दाराची कडी हातात धरून हलवली आणि म्हणाला, "लय सैल झालीय ओ बाई, नाय टिकायची." अशी कधीपासून आहे विचारलं. सुमन म्हणाली, पहिल्यापासून. त्याने एवढी भक्कम पितळी कडी कशाला विचारल्यावर ती म्हणाली, बिबट्या फिरतोय ना. सुतार म्हणाला, बिबट्या काय कडी काढून येतो व्हय. यावर सुमन हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

तो गेल्यावर मी पोलिसांचा विषय काढला. तिने उलट मलाच विचारलं, काय सांगू? सात वर्षांनी कोर्टाने त्याला मेला म्हणून ठरवलं. त्यावर तिला पेन्शन मिळते. आता जाऊन सांगू की तो येतोय? आणि कशावरून, तर नेटवर लोक येतो लिहितात.

माझ्याकडे राहायला चल म्हटलं. नाही म्हणाली. "हे घर आत्ता कुठे माझं झालंय, नीलाताई. तो आत्ता नुसता व्हिडिओत आलाय आणि मी घर सोडून पळू?"

मला तिचा राग आला. कौतुकही वाटलं. परत येताना रिक्षात दोन्ही होतं.

५ डिसें., शुक्रवार

कंपनीला लेखी कळवलं. पुढेही नाही, रीबूटही नाही, कुणाचीच सही नाही. कौ.चं उत्तर दोन ओळींचं, माफी मागणारं. व्हिडिओ नष्ट केला म्हणतो. असं काही नष्ट होतं का, मला माहीत नाही.

नकाराची बातमी फुटलीच. संध्याकाळपर्यंत माझ्या नावाने शंख. म्हातारीने पोस्टमास्तरला दुसऱ्यांदा मारलं. एकीने लिहिलंय, आम्हाला आमचा नाना परत द्या. ही बाई बहुधा सुमनच्याच वयाची असेल, फोटोवरून तरी. हिच्या घरी तो मागच्या दाराने येत नव्हता.

मुक्ता म्हणते ते वाचू नकोस. मी वाचते. सुमनची सवय मला लागली.

७ डिसें., रविवार

थंडी वाढली. सुमनला फोन केला, बरी होती, बाजरीच्या भाकरी करत होती. स्वतःहून म्हणाली की काल खूप वर्षांनी दुपारी जरा डोळा लागला. नवी कडी चांगली बसते, आवाजच वेगळा आहे, खणखणीत.

 नजर लागू नये असं वाटलं.

९ डिसें., मंगळवार

सकाळी चहा घेताना शेवटच्या भागाखालचं वाचत होते. नेहमीचंच येतो, येतो, मला शिव्या, येतो. मध्ये एक. फोटो नाही, नाव नुसतं 'नाना'. असे नाना पन्नास आहेत तिथे. लिहिलंय:

"कडी बदललीस. बरं केलंस, जुनी सैल झाली होती."

खाली लोक खूश. काय डायलॉग होता राव. कितवा भाग हा? एकाने सांगितलं, दुसरं पर्व, सावकाराच्या घरातला सीन. दुसऱ्याने तो सीन वर्णन करूनही टाकला, पावसासकट.

असा सीन नाही. असं वाक्य नाही. दोन्ही पर्वं माझ्या हातची आहेत. आणि नाना कुणाला अरे-तुरे करत नाही, धुणंभांडी करणाऱ्या बाईलाही तो अहो म्हणतो. ते मी मुद्दाम केलं होतं. 'बदललीस' नाना म्हणणारच नाही.

कौ.ला कड्यांचं रागात बोलले होते. लगेच फोन लावला. "आईशप्पथ मॅडम, आमच्यापैकी कोणी नाही." माझा विश्वास बसला. बसला नसता तर बरं झालं असतं. मग सुतार. सुतार कुणाजवळ बोलला असेल, लोक बोलतात, बिबट्याच्या गोष्टीत बोलला असेल. सुताराला लावला, उचलत नाही. कामावर असेल.

सुमनने आत्तापर्यंत वाचलं असणार. तिचा फोन यायच्या आत काय सांगायचं ते ठरवावं म्हणून बसले. ठरलं नाही, फोन आला.

आवाज एकदम शांत. "नीलाताई, ते कडीचं वाचलंत? लोक म्हणतात मालिकेतलं आहे. तुमचंच वाक्य ना ते?"

एक हो पुरलं असतं. माझ्या गप्प बसण्यावर ती इतकी वर्षं झोपली, आणि खरं सांगून मीच तिची झोप उडवली, हेही झालंय. हो म्हटलं असतं तर तिने भाकरी केली असती, दुपारी पडली असती. आणि मागचं दार बघायला उठली नसती.

म्हटलं, "नाही सुमन. माझं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केलेला ऐकू आला.

मग म्हणाली, "बरं. मग तुम्ही इकडे या. पुढच्या दाराने या. बेल नका वाजवू, बाहेरून तुमचं नाव सांगा."

रिक्षा सांगितलीय. मुक्ताला कळवलं, ती दुपारच्या गाडीने निघतेय. पोलीस स्टेशनला आधी जायचं की सुमनकडे, ते द्वारकेपर्यंत ठरवते.